शेतीतल्या प्राण्यांच्या कल्याणावरचं संशोधन : पैसे द्यायचे तर कुणाला आणि कसे?

दवबिंदू

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. ते जन्मभर जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्यामागे राहिलेल्या पैशांतला एक भाग आम्ही तिघा भावंडांनी बाजूला काढलाय. त्यातून पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या मुलामुलींना मदत करायची, आणि विषय एकच ठेवायचा : खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांचं कल्याण. कोंबड्या, दुभती जनावरं, डुकरं, शेळ्यामेंढ्या, तळ्यातले मासे.

हाच विषय का, तर बाबांच्या वह्या. प्रत्येक पानावर तारीख, रोग, औषध, डोस असे रकाने आहेत आणि शेवटी पेन्सिलीने आखलेला आणखी एक रकाना, मथळा 'जनावर काय म्हणतं'. त्यात लिहिलंय, 'कान मागे, गव्हाणीकडे पाठ.' 'उजवा मागचा पाय टेकवते पण भार देत नाही.' 'पिल्लं बल्बखाली न जाता भिंतीला.' चाळीस वर्षांच्या वह्या आहेत आणि हा रकाना कुठेही रिकामा नाही.

आता प्रश्न. आमच्यापैकी कुणीच संशोधनातलं नाही.

एका विद्यार्थ्याची पूर्ण पीएचडी उचलावी, की त्याच पैशांत मास्टर्सच्या आठ-दहा लघुप्रबंधांना थोडी थोडी मदत करावी? कोणता प्राणी घ्यावा? आणि पशुखाद्य बनवणाऱ्या एका कंपनीने 'तुम्ही घालाल तेवढेच आम्हीही घालतो' असं कळवलंय, त्यांचं काय करावं? भाऊ म्हणतो घे, बहीण म्हणते नको. मी अधेमधे आहे.

पिंपळपान

वाचून डोळे भरले. शेवटच्या रकान्यासाठी बाबांना नमस्कार. विषयातलं कळत नाही, पण धागा वाचत राहणार.

आकडेमोड

उद्देश फार चांगला आहे, म्हणूनच एक रोखठोक सांगतो. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि पशुविज्ञानाचे लघुप्रबंध तपासायला माझ्याकडे नेहमी येतात. थोड्या पैशांत काय होतं ते ऐका.

विद्यार्थ्याला बघायचं असतं की जमिनीवर भुसा असला की कोंबड्या जास्त निवांत असतात का. पैसे कमी, म्हणून दोनच खोल्या मिळतात. एकीत भुसा, दुसरीत जाळी, प्रत्येकी १०० पक्षी. प्रबंधात लिहिलेलं असतं : नमुना २००. अहो, नमुना २ आहे! जाळीच्या खोलीतला पंखा बिघडला असेल तर शंभरच्या शंभर पक्ष्यांना उकाडा एकदमच होणार. मग फरक भुशाचा की पंख्याचा? कुणालाच सांगता येणार नाही. इथे मोजायचं एकक पक्षी नाही, खोली आहे. निदान सात-आठ कप्प्यांत भुसा आणि तितक्याच कप्प्यांत जाळी हवी, आणि कुठल्या कप्प्याला काय ते चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं.

रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्रयोगातल्या प्राण्यांसाठी तीन तत्त्वं मांडली : शक्य तिथे पर्याय वापरा, संख्या कमी करा, पद्धत सौम्य करा. त्यातलं 'संख्या कमी करा' लोक अर्धवट वाचतात. इतकी कमी केली की उत्तरच निघत नाही, तर ते २०० पक्षी फुकट गेले. त्यापेक्षा प्रयोग न केलेला बरा.

तेव्हा दहा जणांना थोडं थोडं देऊन दहा फसलेले प्रयोग विकत घेऊ नका.

गव्हाण

माझा गोठा आहे आणि जोडीला कोंबड्यांचं शेड. आकडेमोड यांचं पटलं. माझा प्रश्न मात्र त्याच्याही आधीचा आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेचा विद्यार्थी माझ्या गोठ्यात आला होता. गुणी पोरगा. पहाटे साडेचारला हजर. गायी किती वेळ बसतात, किती वेळ उभ्या राहतात ते पायाला यंत्र बांधून मोजायचा. तीन महिने राहिला, घरचाच झाला. जाताना म्हणाला, निष्कर्ष पाठवतो. आजतागायत काही आलं नाही. त्याचाही दोष नसेल, पदवी मिळाली, नोकरी लागली. पण माझ्या गायी काय सांगत होत्या ते माझ्याच गोठ्यात कळलं नाही.

ताई, पैसे द्याल तेव्हा एक अट घाला. ज्याच्या गोठ्यात काम केलं त्याच्या भाषेत दोन पानं लिहून द्यायची, आणि परत येऊन समजावून सांगायचं. त्याचा प्रवासखर्चही आधीच धरा, नाहीतर तोच पहिला कापला जातो.

रानवाट

मी प्राणिजन्य काहीच खात नाही, त्यामुळे माझं मत वेगळं असणार हे गृहीत धरा. वाद घालायचा म्हणून लिहीत नाही, मनापासून विचारतोय.

पिंजरा थोडा मोठा केला, जमीन थोडी मऊ केली, आणि शेवट तोच. अशा संशोधनाने खाणाऱ्याच्या मनाची टोचणी तेवढी कमी होते. जगात वर्षाला ७० अब्जांहून जास्त कोंबड्या मारल्या जातात. तुमच्या बाबांचे पैसे त्यांचं जगणं जरा सुसह्य करायला वापरायचे, की त्यांना जन्मालाच घालावं लागू नये यासाठी? वनस्पतिजन्य प्रथिनांवर, पेशींपासून वाढवलेल्या मांसावर पदव्युत्तर संशोधन होतंच की. ते का नको?

तिसरी_घंटा

रानवाट, प्रश्न रास्त आहे. पण ताईंनी 'काय करू' विचारलं नाही, 'कसं करू' विचारलंय. विषय बाबांच्या वहीने ठरवून दिलाय.

अर्धविराम

याच विषयात पीएचडी केली आहे, आता शिकवते. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी रानवाट यांच्यासाठी. आज जे पक्षी शेडमध्ये आहेत ते आज आहेत. पर्यायी प्रथिनांवर काम व्हायलाच हवं, आणि त्यात उद्योगांचा पैसाही येतो, कारण शेवटी विकायला वस्तू तयार होते. कोंबडीचा पाय दुखतो का, या प्रश्नाच्या शेवटी विकायला काही नसतं. तिथे पैसा सरकारचा किंवा दवबिंदू यांच्यासारख्या घरांचाच लागतो.

दुसरं, आपल्याला वाटतं ते आणि प्राण्याला हवं असतं ते एकच असेल असं नाही. ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये रूथ हॅरिसन या लेखिकेने बंदिस्त पशुपालनावर केलेल्या लिखाणानंतर मोठा जनक्षोभ उठला आणि सरकारने प्राणिशास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६५ च्या तिच्या अहवालाने पाया घातला : जनावराला उभं राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. भली माणसं होती. त्याच अहवालात एक शिफारस अशी होती की पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी जाळी नको, जाड तारेची हवी. बारीक तार पायांना बोचेल, असं कुणालाही वाटेल. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या दोघांनी साधी गोष्ट केली. कोंबड्यांना दोन्ही तळ दिले आणि त्या कुठे उभ्या राहतात ते पाहिलं. कोंबड्यांनी बारीक जाळी निवडली! त्यावर पंज्याला जास्त ठिकाणी आधार मिळतो. समितीची माया खरी होती, पण कोंबडीला कुणी विचारलंच नव्हतं.

विचारायच्या रीती पुढे वाढत गेल्या. २००० साली ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने मांसासाठी वाढवलेल्या पक्ष्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एकात वेदनाशामक मिसळलेलं, एकात नाही. लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य धडधाकट पक्ष्यांपेक्षा जास्त खाल्लं, आणि पाय जितका जास्त अधू तितकं ते जास्त. 'त्यांना दुखत नसेल, नुसती चाल तशी आहे' असं म्हणणाऱ्यांना पक्ष्यांनीच उत्तर दिलं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गायींना एक दार ढकलायला लावलं आणि दारावरचं वजन वाढवत नेलं. पलीकडे कधी ताजा चारा, कधी अंग घासायचा फिरता ब्रश, कधी नुसतीच मोकळी जागा. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ब्रशसाठी गायींनी जवळजवळ चाऱ्याइतकाच जोर लावला. ब्रश ही चैन आहे असं आपण ठरवलं होतं, गायीच्या लेखी ती गरज निघाली.

यातल्या एकाही कामाला महागडं यंत्र लागलं नाही. चांगला प्रश्न, पुरेसे प्राणी आणि वेळ एवढंच लागलं.

आता दवबिंदू यांचा मूळ प्रश्न, पीएचडी की मास्टर्स? माझ्या मते पैशाचं वय आणि प्राण्याचं वय जुळलं पाहिजे. मांसाची कोंबडी पाच-सहा आठवड्यांत बाजाराला जाते. मास्टर्सच्या सहा महिन्यांत तिच्या दोन-तीन बॅच नीट बघता येतात. वासराचं पहिलं दूधपितं वयही त्यात बसतं. अंड्यांची कोंबडी मात्र अठरा-वीस आठवड्यांना अंड्यावर येते आणि सत्तर-ऐंशी आठवड्यांपर्यंत, कधी त्याहून जास्त ठेवली जाते. तिच्या छातीच्या हाडाला तडे जातात हा आजचा मोठा प्रश्न आहे आणि ते वयासोबत वाढतात. मास्टर्सचा विद्यार्थी त्याचं एक चित्र टिपेल, त्यामागचं कारण शोधायला पीएचडीच लागेल. खुरांचंही तसंच, आज खुराच्या तळव्यावर दिसणारी जखम कित्येक आठवड्यांपूर्वीच्या इजेची असते.

आधी प्राणी ठरवा. किती वर्षांचे पैसे लागतील ते त्यावरूनच ठरेल.

गव्हाण

अर्धविरामताई, ब्रशचं शंभर टक्के खरं. माझ्याकडे तो फिरता ब्रश नाही, खांबाला जुना झाडू उभा बांधलाय. सकाळी धार झाली की पहिल्यांदा तिथे रांग लागते. एक कालवड तर दुसरी आली तरी हलत नाही. मी इतकी वर्षं म्हणत होतो, गोचिड्या झाल्या असतील.

तिसरी_घंटा

गव्हाणदादा, तुमचा झाडू त्या विद्यापीठाच्या आधीचा असेल तर श्रेय मागून घ्या :)

निरभ्र

सगळे कोंबडी आणि गायीवरच बोलताय. मासे?

कोंबड्या आपण नगात मोजतो, मासे टनात. म्हणजे जीव मोजायलाच सुरुवात झालेली नाही. २०१९ साली जगभरात पाळलेले मासे किती मारले गेले याचा अंदाज ७८ ते १७१ अब्ज असा आहे. ही दरी बघा, वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून मोठा. आणि २०२२ मध्ये मत्स्यशेतीच्या उत्पादनाने समुद्र-नद्यांतून पकडलेल्या मासळीला पहिल्यांदाच मागे टाकलं. इतका मोठा व्यवसाय, आणि बहुतेक पाळीव जातींना पाण्यात किती दाटी सोसते, उचलताना काय होतं, मारण्याआधी बेशुद्ध कसं करावं यावर कोंबडीच्या मानाने अगदी थोडं काम झालंय. थोड्या पैशात मोठा फरक पाडायचा तर इथे पाडता येईल.

पिंपळपान

पण माशाला दुखतं हे ओळखायचं कसं? तो ओरडत नाही, चेहराही बदलत नाही.

निरभ्र

२००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत जळजळणारं द्रव्य टोचलं. नुसती सुई टोचलेले मासे लवकर खायला लागले. द्रव्य टोचलेले कितीतरी वेळ खाद्याकडे फिरकले नाहीत, तळाशी बसून झुलत राहिले, ओठ खड्यांवर घासत राहिले. मॉर्फिन दिल्यावर हे कमी झालं. सांगायची पद्धत आपल्यासारखी नाही, एवढंच.

शब्दवेल्हाळ

अवांतर आहे, पण राहवत नाही. आपण 'मुकं जनावर' म्हणतो. वरचे सगळे प्रतिसाद वाचून वाटलं, हा शब्द आपल्याबद्दल जास्त सांगतो. रकाने भरभरून बोलतायत आणि आपण त्यांना मुकं म्हणतोय.

दुसरं, 'कल्याण' हा शब्द मला जरा सरकारी वाटतो. समाजकल्याण, महिला व बालकल्याण, तसं पशुकल्याण, म्हणजे कुणीतरी वरून करायची गोष्ट. जनावर स्वतः कसं आहे हे त्यात येत नाही. 'हालहवाल' म्हटलं तर?

आकडेमोड

'हालहवाल' फार गोड शब्द आहे. पण प्रबंधाच्या मथळ्यात गाइड चालवून घेणार नाहीत.

अर्धविराम

शब्दवेल्हाळ, तुमचा मुद्दा अवांतर नाही. शास्त्रातही हाच वाद झाला. आधी 'आम्ही काय पुरवलं' ते मोजायचे : जागा किती, पाणी किती, हवा किती. मग 'जनावर कसं आहे' ते मोजायला लागले : लंगडतंय का, अंगावर जखमा आहेत का, माणसाला घाबरतंय का. युरोपात २००४ ते २००९ असा वेल्फेअर क्वालिटी नावाचा मोठा प्रकल्प झाला, त्याची सगळी मोजदाद शक्य तितकी जनावराच्या अंगावरून करायची असं ठरलं. तुमच्या भाषेत, आधी कल्याण मोजायचे, मग हालहवाल विचारायला लागले.

मोजपट्टी

कंपनीच्या पैशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पशुखाद्याच्या व्यवसायात संशोधन विभागात बारा वर्षं काढली आहेत. कुणाचं नाव घेणार नाही, आणि त्यात वाईट माणसं नव्हती हेही सांगतो.

आम्ही एका विद्यार्थिनीच्या कामाला पैसे दिले होते. करारात एक साधं वाक्य होतं : प्रसिद्धीपूर्वी कंपनीची लेखी संमती आवश्यक. निकाल आमच्या मालाला अनुकूल आला नाही. कुणी 'दाबून टाका' असं म्हटलं नाही. फाइल नुसती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिली. ती मुलगी दर पंधरा दिवसांनी अतिशय सभ्यपणे विचारायची, आणि मी 'बघतो' म्हणायचो. दीड वर्षाने तिने विचारणं सोडलं. प्रबंध झाला, पण तो भाग छापला गेला नाही. मला अजून खुपतं.

म्हणून दवबिंदूताई, कंपनीचा पैसा सरसकट वाईट असं म्हणणार नाही. शेड त्यांची, पक्षी त्यांचे, त्यांच्याशिवाय कित्येक प्रयोग होणारच नाहीत. पण घ्यायचा तर करारात लिहून घ्या : विषय तुम्ही निवडणार, विद्यार्थी तुम्ही निवडणार, आकडे विद्यार्थ्याच्या ताब्यात राहतील, आणि निकाल काहीही आला तरी छापला जाईल. कंपनीला तीस दिवस आधी वाचायला मिळेल, बदलायला नाही. एवढ्यावर सही करायला तयार असतील तर घ्या. नसतील तर त्यांचा पैसा कशासाठी होता ते तुम्हाला तिथेच कळलं.

अर्धविराम

मोजपट्टी, हे लिहायला मन मोठं लागतं.

याच्याच जोडीला, कंपनीऐवजी सरकारचा पैसा असला की काय समोर येतं त्याचं एक उदाहरण. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी पैशातून एक पाहणी प्रसिद्ध झाली. मांसासाठी वाढवलेल्या १७६ कळपांतले ५१,००० पक्षी, वय साधारण ४० दिवस, प्रत्येकाची चाल बघून गुण दिले. २७.६ टक्के पक्ष्यांची चाल वाईट होती, ३.३ टक्क्यांना तर जवळजवळ चालताच येत नव्हतं. वेगाने वाढणारी जात, खाद्य, अंधाराचे तास, दाटी यांतलं काय किती कारणीभूत तेही त्यात आलं.

वाढीच्या वेगाचा अंदाज हवा असेल तर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचा २०१४ चा अभ्यास आहे. १९५७, १९७८ आणि २००५ चे वाण एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांना वजनं भरली ९०५ ग्रॅम, १,८०८ ग्रॅम आणि ४,२०२ ग्रॅम. म्हणजे चौपटीहून जास्त.

रानवाट

ब्रिस्टलचं आणि ट्राउटचं वाचून काल रात्री बराच वेळ जागा होतो. माझं मत बदललेलं नाही. पण एक कबूल करतो : मी ज्या गोष्टी लोकांना पटवायला सांगतो, त्या कुणीतरी अशाच पैशांतून शोधलेल्या आहेत. पिंजऱ्यातल्या कोंबडीला त्रास होतो हे नुसतं सांगून युरोपात कायदा झाला नाही. १९९९ मध्ये कायदा झाला, २०१२ पासून अंड्यांच्या कोंबड्यांचे साधे, रिकामे पिंजरे बंद झाले, आणि त्यामागे अनेक वर्षांचं मोजमाप होतं.

मग माझी एक विनंती. जगण्यावर बोलताय, मरणावरही बोला. शेवटच्या काही मिनिटांवर संशोधन करायला फारसं कुणी तयार होत नाही, पैसे द्यायलाही नाही. स्मृतिनिधीच्या पत्रकावर कत्तलखान्याचं नाव नको वाटतं लोकांना.

अर्धविराम

रानवाट, मनापासून धन्यवाद. डुकरांचं उदाहरण देते. बऱ्याच ठिकाणी त्यांना कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध करतात. नव्वदच्या दशकात राज आणि ग्रेगरी यांनी पाहिलं की २४ तास उपाशी ठेवलेलं डुक्कर, समोर सफरचंद दिसत असूनही, ९० टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या जागेत डोकं घालायला बहुधा तयार होत नाही. आर्गॉन वायूत मात्र तीच डुकरं सहज डोकं घालून सफरचंद खायची. इतकं जुनं आणि इतकं स्पष्ट उत्तर आहे, तरी मोठ्या प्रमाणावर, परवडेल असा पर्याय अजून पुरता रुळलेला नाही. तिथे नेमकी पदव्युत्तर विद्यार्थ्यांची कमतरता आहे. ह्यूमेन स्लॉटर असोसिएशन ही ब्रिटनमधली संस्था जनावरांची वाहतूक, बाजार आणि कत्तल या टप्प्यांवरच्या संशोधनाला मदत करते. यूएफएडब्ल्यू ही प्राण्यांच्या कल्याणाच्या शास्त्रासाठी काम करणारी, १९२६ पासूनची ब्रिटनमधली संस्थाही विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. नवा निधी काढण्याआधी त्यांचे अर्जाचे नमुने आणि अटी डोळ्याखालून घाला. सगळं शून्यापासून करायची गरज नाही.

कोवळी_उन्हं

इथे एकही विद्यार्थी बोललेला नाही, म्हणून मी लिहिते. पीएचडीचं चौथं वर्ष आहे, दुभत्या जनावरांच्या लंगडण्यावर.

विद्यावेतन तीन वर्षांचं होतं. पहिले सात महिने नैतिकता समितीच्या परवानगीत आणि गोठे शोधण्यात गेले. त्यात एक ऋतू हुकला, म्हणून पुढच्या ऋतूपर्यंत थांबले. तिसऱ्या वर्षाअखेर माझ्याकडे सगळे आकडे आले आणि पैसे संपले. आता सकाळी शिकवण्या घेते, रात्री लिहिते. माझ्यासोबतच्या एकीने आकडे हातात असताना सोडून दिलं. ते आकडे एका हार्डडिस्कवर पडून आहेत. १४० गायींची दोन वर्षं.

शिवाय जनावरांना सुट्टी नसते. सणाला, परीक्षेला, तापात असताना गोठ्यात जावंच लागतं. त्या वेळी हाताखाली कुणी बदली माणूस असेल एवढे पैसे कुठल्याच अंदाजपत्रकात नसतात. आणि ज्या प्रयोगांच्या शेवटी पक्षी मारून हाडं तपासायची असतात तिथे, ज्यांना तुम्ही रोज हातात घेतलंय त्यांना... त्यावर कुणी बोलत नाही. मी एकदा बाहेर येऊन नळाखाली कितीतरी वेळ नुसते हात धुत उभी होते.

ताई, नव्या विद्यार्थ्याला पूर्ण पीएचडी देणं जमत नसेल तर माझ्यासारख्यांचे शेवटचे सहा महिने द्या. काम झालेलं असतं, नुसतं किनाऱ्याला लागायचं असतं.

गव्हाण

पोरी, त्या १४० गायींचं लिहून काढच. माझ्यासारखे वाट बघतायत.

आकडेमोड

कोवळी_उन्हं यांची कल्पना मला या धाग्यातली सर्वांत चांगली वाटली. हिशेब बघा. तीन वर्षांचा खर्च आधीच झालेला आहे, कुणीतरी केलेला आहे. सहा महिन्यांच्या पैशात तुम्हाला पूर्ण अभ्यास मिळतो. आणि प्रयोगाची मांडणी कशी होती ते अर्ज वाचतानाच कळतं, त्यामुळे दोन खोल्यांवाला नमुना तुमच्या गळ्यात पडत नाही.

त्या सोडून गेलेल्या मैत्रिणीचे आकडे तिच्या संमतीने कुणी लिहून काढणार असेल तर विश्लेषण मी करून देतो. पैसे नकोत. खरंच विचारा तिला.

कोवळी_उन्हं

आत्ता फोन केला. ती रडली आणि हो म्हणाली. तुम्हाला निरोप पाठवते.

दवबिंदू

चार दिवस सगळं वाचत होते. रविवारी तिघं बसलो, धागा मोठ्याने वाचला. मोजपट्टींच्या प्रतिसादावर भाऊ बराच वेळ गप्प होता.

काय ठरलं ते सांगते, पुढे बदलेलही.

पहिली दोन वर्षं पैशांचा मोठा भाग अडकलेल्या पीएचडींना, शेवटचे सहा ते नऊ महिने. उरलेल्यात दरवर्षी मास्टर्सचे दोनच लघुप्रबंध, दहा नाहीत. पण कप्पे पुरेसे असतील एवढे पैसे त्यांना द्यायचे. प्राण्याची अट नाही, मात्र पैशाच्या मुदतीत त्या प्राण्याचं वय बसलं पाहिजे. मासे आणि शेवटची मिनिटं, दोन्ही विषय पत्रकात नावानिशी लिहायचे. रानवाट, बहिणीने ते स्वतःच्या हाताने लिहिलं. बदली माणसाचा खर्च आणि गोठ्यात परत जाऊन सांगण्याचा प्रवासखर्च वेगळा धरायचा, तो दुसरीकडे वळवता येणार नाही.

कंपनीला मोजपट्टींच्या चार अटी शब्दशः पाठवल्या. काल उत्तर आलं, 'आमच्या विधी विभागाशी बोलून कळवतो.' थांबते. नाही आलं तरी आमचं अडत नाही.

अर्जाचा नमुना करायला घेतलाय. शीर्षक, पद्धत, खर्च, वेळापत्रक वगैरे आहेच. शेवटी बाबांचा रकाना घातलाय, त्यांच्याच शब्दांत : जनावर काय म्हणतं? खाली लिहिलंय, 'तुमच्या प्रयोगात प्राण्याला नेमकं काय विचारणार, आणि त्याचं उत्तर कसं ओळखणार, ते पाच ओळींत लिहा.' अर्धविरामताई, आकडेमोडकाका, अर्ज वाचायला तुम्ही दोघं बसाल का? मानधन फार देता येणार नाही.

अर्धविराम

मानधन नको. त्या पाच ओळी वाचायला मिळाल्या तरी पुष्कळ. एक सुचवते : निवड समितीत एक गोठेवाला हवा.

आकडेमोड

आहेच मी. गव्हाणदादांना घ्या समितीत.

गव्हाण

बसेन की. इंग्रजी अर्ज असतील तर कुणीतरी वाचून दाखवा, बाकी जनावराचं मला कळतं.

आणि एक. माझं जुनं शेड दोन वर्षं रिकामं पडलंय. छप्पर नीट आहे, पाण्याची लाइन चालू आहे. आकडेमोड म्हणतात तसे मधे जाळ्या मारून सोळा कप्पे पडतील असं वाटतंय. मास्टर्सच्या पोरांना भाडं नाही. उद्या टेप घेऊन लांबी-रुंदी मोजतो आणि इथेच टाकतो. पंखे दोन्ही टोकांना आहेत, ते चालेल का तेवढं सांगा.